बीड जिल्ह्यातील जुनी टपालकार्डे व मासिके

इतिहाससंशोधनार्थ एखाद्या जुन्या वाड्यात प्रवेश केला म्हणजे संशोधकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : घरात रुमाल आहेत काय? मोडी दप्तर, सनदा, पोथ्या, एखादा ताम्रपट असल्यास तो बैठक मारतो. नसल्यास चहा घेऊन उठतो. ज्या खुंटीवरून तो आपली पिशवी काढून घेतो तिच्या शेजारच्याच खिळ्याला वाकविलेल्या तारेत ओवलेली टपालकार्डे लोंबत असतात, आणि डोक्यावरच्या फडताळात बिनपुठ्ठ्याच्या मासिकांची चळत असते. त्यांकडे त्याची दृष्टी जात नाही. आम्हीही अनेक वर्षे असेच उठून आलो.

आमच्या जिल्ह्याकडे संशोधकांची दृष्टी पोथ्यांमुळे वळली हे खरे. बीडच्या पाटांगणात मिळालेल्या पोथीवरून कै. राजवाडे यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली, तेव्हापासून बीड म्हटले की पोथी, अंबाजोगाई म्हटले की मुकुंदराज, असे समीकरण बसून गेले. परंतु राजवाडे पाटांगणात आले त्याच काळात जिल्ह्यातील घराघरांत टपालाने येऊन पडू लागलेला कागद आता शंभर वर्षांचा झाला आहे. त्यास जुना म्हणावयास आपण तयार नाही, आणि तो तर आपल्या डोळ्यांदेखत नाहीसा होत आहे. ह्या कागदाचा इतिहासाच्या कामी कसा उपयोग होतो, व तो जमविताना आमच्या हातून कोणता प्रमाद घडला, हे ह्या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम तारेविषयी. आलेले पत्र वाचून झाले म्हणजे तारेच्या टोकात टोचून वर सरकवावयाचे, ही चाल आमच्या लहानपणापर्यंत सर्रास होती. त्यामुळे जुन्या कार्डांच्या मधोमध एक भोक असते व त्याभोवती गंजाचे तांबूस वलय असते. तिकिटांचे शौकीन असे कार्ड सदोष म्हणून बाजूस सारतात. आम्हांस ते भोक फार मोलाचे वाटते. तारेवरील पत्रे आलेल्या क्रमानेच बसलेली असतात; सर्वांत जुने एका टोकास, सर्वांत नवे दुसऱ्या टोकास. ज्या कार्डावर तारीख नाही व ज्याचा शिक्का पुसला आहे, त्याचा काळ त्याच्या दोन शेजाऱ्यांवरून ठरविता येतो. कोणी हौशी मनुष्य कार्डे तारेतून काढून, चांगली चांगली वेचून घेऊन उरलेली टाकून देतो, तेव्हा हा क्रम कायमचा मोडतो. पेशवे दप्तरातील रुमाल सोडून कागद विस्कटले असते तर आपण केवढा आक्रोश केला असता! तारही एका घराचे दप्तरच होय, इतकेच की तिला कारकून नव्हता.

टपालकार्डाचा जन्म ऑस्ट्रियात १ ऑक्टोबर १८६९ रोजी झाला, आणि हिंदुस्थानात ते १ जुलै १८७९ पासून मिळू लागले. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. ही किंमत १९२२ साली अर्धा आणा व १९३१ साली पाऊण आणा झाली. एवढे ध्यानात ठेवले व राजाचा मुखवटा ओळखता आला (व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, सहावा जॉर्ज) म्हणजे बिनतारखेच्या कार्डाचा काळही पुष्कळसा आटोक्यात येतो. चित्रकार्डांची आणखी एक खूण आहे. आरंभी कार्डाची एक बाजू केवळ पत्त्यासाठी राखलेली असे, म्हणून लिहिणाऱ्यास चित्राच्या कडेच्या कोऱ्या जागेतच मजकूर कोंबावा लागे. इंग्लंडात १९०२ साली, व त्यानंतर काही वर्षांनी इकडे, पत्त्याच्या बाजूचे दोन भाग करून डावीकडे मजकूर लिहिण्याची मुभा मिळाली. रविवर्म्याच्या छापखान्याची देवदेवतांची कार्डे, धुरंधरांनी मुंबईच्या लोकजीवनावर काढलेली कार्डे ह्या कसोटीने पाहावीत. मात्र बीडकडे चित्रकार्डे थोडीच सापडतात, आणि सापडतात ती बहुधा चौकटीत घालून देवघरात टांगलेली. वेरूळ, दौलताबाद व बीबी का मकबरा यांची चित्रकार्डे आमच्याकडे आहेत. कंकालेश्वराचे एकही आमच्या पाहण्यात आलेले नाही.

आता जी गोष्ट पुण्यामुंबईच्या संग्राहकास सहसा कळत नाही तिजकडे वळू. बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि निजामाचे टपालखाते स्वतंत्र होते. त्याची तिकिटे १८६९ सालापासून निघू लागली, आणि १८७१ च्या नमुन्यावर तर किमतीचा आकडा फारसी, इंग्रजी, तेलुगू व मराठी अशा चार लिप्यांत छापलेला आहे. पुढे १९३१ साली निघालेल्या चित्रमय तिकिटांत अजिंठ्याच्या लेण्यांचे द्वार आठ आण्यांच्या, तर दौलताबादचा मनोरा एक रुपयाच्या तिकिटावर आला. मराठवाड्याचा हा गौरव कार्ड लिहिणाऱ्या गरिबाच्या वाट्याला क्वचितच आला असेल. हे निजामी तिकीट संस्थानाच्या हद्दीबाहेर चालत नसे. केजहून बीडला लिहावयाचे तर आसफिया छापाचे कार्ड. पुण्याहून वा बार्शीहून पत्र आले तर त्यावर इंग्रज बादशहाचा मुखवटा. नाणीही दोन : घरात हाली रुपया, हद्दीपलीकडे कलदार, सात हालीस सहा कलदार हा स्थूल भाव.

ह्या द्वैताचा इतिहासास मोठा लाभ होतो. एखाद्या घरच्या तारेवरील कार्डे दोन ढिगांत वाटली की त्या घराचे सोयरसंबंध, देवघेव व शिक्षण ही कोणत्या दिशेस होती ते दिसू लागते. आष्टी तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाची तार आमच्याकडे आहे. तीत इंग्रजी कार्डे निजामी कार्डांहून पुष्कळ अधिक आहेत. मुली नगरकडे दिलेल्या, कापूस नगरच्या पेठेत जाणारा, मुलगा शिकावयास तिकडेच. राज्य निजामाचे, पण संसार हद्दीपलीकडे! परळीच्या एका व्यापाऱ्याच्या कार्डांत नेमके उलट : तेथे हैदराबाद, परभणी, लातूर हीच नावे पुनःपुन्हा येतात, आणि पत्ते काही उर्दूत, काही मराठीत आहेत. जिल्ह्याच्या पश्चिम व पूर्व भागांतील हा भेद आजही बोलीत, बाजारात व निवडणुकीत जाणवतो. त्याची मुळे शोधू पाहणाऱ्यास ही कार्डे सरकारी गॅझेटियरपेक्षा अधिक सांगतील असे आमचे मत आहे.

तारखेच्या बाबतीत मात्र फसगत होते. मोडी लिहिणारा वृद्ध शके व तिथी घालतो; शाळेत शिकलेला मुलगा इसवी सन घालतो; कचेरीत कारकुनी करणारा फसली सन लिहितो, आणि तोही आजूर, दै, बहमन अशा महिन्यांनिशी. हैदराबादचे फसली वर्ष ६ ऑक्टोबरच्या सुमारास, आजूर महिन्याने सुरू होई. त्यात ५९० मिळविले म्हणजे वर्षारंभीचा इसवी सन येतो, आणि जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवावे लागतात. ही एक मिळवणी चुकल्याने आम्ही स्वतः एक कार्ड सबंध वर्षाने मागे ढकलले होते. आपल्याकडील मृगारंभी बदलणाऱ्या फसलीशी याची गल्लत करू नये.

फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. रझाकारांचे वर्ष. ह्या वर्षाची कार्डे आम्ही विशेष आस्थेने शोधली, व त्यांत काहीही न सापडल्याने प्रथम निराश झालो. सर्व कार्डांत खुशाली, पाऊस, गुरे, परीक्षा. मग एके दिवशी मजकूर सोडून केवळ ठिकाण व पत्ता वाचीत गेलो. एकाच हस्ताक्षरातील पाच कार्डे. मजकूर जवळजवळ तोच. परंतु पाठविणाऱ्याचे गाव प्रत्येक वेळी निराळे, आणि चौथ्यापासून गावे नगर जिल्ह्यातील. सरहद्द ओलांडून नगर, सोलापूर या जिल्ह्यांत आसऱ्यास गेलेल्या असंख्य कुटुंबांपैकी हे एक. कार्ड उघडे असते; ते कोणाच्या हाती पडेल याचा भरवसा नव्हता; म्हणून लिहिणारा काही बोलत नाही, फक्त गाव बदलतो. अशा पत्राचा नुसता मजकूर नकलून घेऊन मूळ परत करणारा संशोधक काय घेऊन जाईल?

कार्डांच्या संग्रहात आणखी एक मोठी उणीव असते, व ती वाळवीने केलेली नसते. मृत्यूची वार्ता आणणारे कार्ड घरात ठेवीत नसत. वाचावयाचे, फाडावयाचे आणि स्नान करावयाचे. म्हणून तारेवर लग्ने असतात, बारशी असतात, मृत्यू नसतात. प्रारंभी आम्हांस हा दोष असाध्य वाटला. परंतु आपल्या पूर्वजांचे मायने येथे साहाय्यास येतात. कौटिल्याने शासनाधिकारात लेखाचे नियम सांगताना, ज्याला लिहावयाचे त्याचा देश व नाव यांचा उचित उपचारपूर्वक उल्लेख करावा असे म्हटले आहे. तो संस्कार आमच्या जिल्ह्यातील अर्धशिक्षित शेतकऱ्याच्या कार्डातही शाबूत आहे. ती. स्व. बाबांस शि. सा. न. वि. वि. असा मायना एका दिवाळीपर्यंत चालतो, आणि पुढच्या संक्रांतीच्या कार्डात थोरल्या भावास नमस्कार येतो, बाबा नाहीत. सौ. वहिनींस म्हणून ज्या बाईस आशीर्वाद जात, तिच्या नावामागे एका कार्डापासून गं. भा. लागते. फाडून टाकलेले कार्ड कोणत्या दोन कार्डांच्या मध्ये होते ते अशा रीतीने कळते, पण ह्यासाठी क्रम हवा व कार्डाचा माथा शाबूत हवा. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिजकडे आम्हांस पुन्हा यावयाचे आहे.

मासिकांविषयी थोडक्यात. १८८४ साली संस्थानच्या कारभारात फारसीच्या जागी उर्दू आली, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतून. अशा स्थितीत मराठी वाचनाची तहान ज्या मार्गांनी भागत असे त्यांत टपालाने येणारे मासिक हा एक मुख्य मार्ग होता. ‘मनोरंजन’ (१८९५), ज्याने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली. ‘चित्रमय जगत्’ (१९१०). ‘किर्लोस्कर खबर’ (१९२०). ‘स्त्री’ (१९३०) : यांचे सुटे अंक जिल्ह्यात अद्याप मिळतात. बीड शहरास आगगाडी आली ती २०२५ साली. त्या काळी हे अंक रस्त्याने, पावसाळ्यात नद्या उतरण्याची वाट पाहत, येत. खुद्द हैदराबादेतून १९२० पासून ‘निजाम विजय’ निघे. आणि १९३८ साली आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ काढले, ज्यावर संस्थान सरकारने बंदी घातली व जे नावे पालटून निघत राहिले. ह्या शेवटच्या वर्गातील एखादा अंक घरी बाळगणे हेच धाडस होते. म्हणून ते फडताळात न मिळता बळदात, धान्याखाली मिळतात. आम्हांस मिळालेल्या एका अंकाच्या घड्यांत ज्वारीचे दाणे अडकलेले होते. ते आम्ही तसेच ठेवले आहेत.

कै. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची करून महाराष्ट्रावर अपार उपकार केले आहेत. कोणते पुस्तक केव्हा निघाले ते तीवरून कळते. कोणते लिखाण कोठे पोचले, हे मात्र अशा सूचीतून कळणे शक्य नाही. ते कळते वेष्टणावर चिकटविलेल्या पत्त्याच्या पट्टीवरून, समासातील शेऱ्यांवरून, वाचून परत करणे म्हणून लिहिलेल्या तीन-चार नावांवरून. आमच्या वाचनालयांनी अंकांची वार्षिक बांधणी करताना मुखपृष्ठे, जाहिराती व वेष्टणे काढून टाकली. बांधणी सुबक झाली, आणि महिना, किंमत, वर्गणीदार व तेव्हाच्या बाजाराचे सर्व ज्ञान कात्रीखाली गेले. कामिनिया तेलाची वा लोखंडी नांगराची जाहिरात आज आम्हांस तिच्या शेजारच्या कादंबरीच्या प्रकरणाहून अधिक शिकविते, हे कबूल करण्यास संकोच वाटत नाही.

इतका वेळ इतरांचे दोष सांगितले, आता स्वतःचा. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी आम्ही नवीनच शिक्षक झालो असताना शाळेत तिकीटसंग्रहाचा वर्ग चालविला. मुलांना सांगितले की घरून जुनी तिकिटे आणा. कार्डावरील तिकीट छापील असते, ते भिजवून निघत नाही. म्हणून आम्हीच त्यांस कार्डाचा उजवा वरचा कोपरा चौकोनी कापावयास शिकविले. मुले उत्साही होती. पंधरा दिवसांत आसफिया छापाचे व जॉर्ज बादशहाचे चौकोन ढिगाने जमले, एका मोठ्या वहीत खळ लावून चिकटविले गेले, आणि स्नेहसंमेलनात त्या वहीचे पाहुण्यांनी कौतुक केले. एका मुलाने विचारले होते की उरलेल्या कार्डाचे काय करावयाचे. आम्ही त्यास काय उत्तर दिले ते आठवत नाही, परंतु शाळेच्या मागच्या उकिरड्यावर ती कोपरे कापलेली कार्डे पडलेली मात्र आठवतात. ह्या कृत्यास अज्ञान हे एकच कारण होते, व आम्ही तेव्हा इतिहास हाच विषय शिकवीत होतो.

पुढे १९८९ च्या जुलैत बिंदुसरेस महापूर आला. बीड शहरात मनुष्यहानी झाली तेथे कागदांची कोण गणती करणार! परंतु नदीकाठच्या घरांतील तारा व फडताळे त्या चिखलात गेली. माजलगावच्या धरणाखाली गावे उठली तेव्हाही लोकांनी देव, भांडी व दारांच्या चौकटी बरोबर नेल्या. कागद नेल्याचे फारसे ऐकिवात नाही. जे वाचले त्याचा शत्रू खुद्द कागदातच आहे. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात हाताने केलेल्या कागदावरील पोथी दोन-तीनशे वर्षांनंतरही मऊ व लवचीक असते. लाकडाच्या लगद्याचा गिरणीचा कागद आतल्या आम्लाने पिवळा पडून तुटतो. दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईतील अंक सर्वांत वाईट : उलटावयास गेले की पान हातात येते. अठराव्या शतकातील रुमाल आणखी शंभर वर्षे आपली वाट पाहू शकेल. १९४३ चा दिवाळी अंक पाहणार नाही.

जिल्ह्यात हल्ली फिरते व्यापारी येतात. निजामी तिकिटे, चित्रकार्डे, दलालांच्या चित्रांची मुखपृष्ठे त्यांस हवी असतात; उरलेले किलोवर जाते. त्यांची निंदा करण्याची प्रथा आहे, तीत आम्ही सामील होत नाही. त्यांनी उचलले नसते तर बंबाने उचलले असते. फक्त त्यांच्याकडून घेताना हा माल कोणत्या गावचा एवढे तरी विचारून पेन्सिलीने लिहून घ्यावे. गावाचे नाव तुटलेले कार्ड नुसता शोभेचा तुकडा होय. कार्डे तारेतून काढण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र घ्यावे व अनुक्रमांक घालावा. फाटलेल्यास चिकटपट्टी लावू नये. प्लॅस्टिकच्या पातळ आवरणात तापवून बंद करण्याची जी टूम निघाली आहे तिच्यापासून तर दूरच राहावे, कारण ते आवरण पुन्हा कधीच निघत नाही. जुने धुतलेले धोतर, सावली व कोरडी जागा ह्यांवर आमच्याकडील कागद तरले आहेत.

एक शंका सुज्ञ वाचक घेतील. ही पत्रे खाजगी आहेत. त्यांत कर्जे आहेत, सुनांचे जाच आहेत, मोडलेली लग्ने आहेत. ती परक्याने वाचावी काय? ह्याचे पूर्ण समाधान आमच्यापाशी नाही. ज्या घरची तार त्या घरच्या संमतीवाचून आम्ही ती घेत नाही, आणि लेखात नाव देत नाही. एका वृद्ध बाईंनी तार देण्यापूर्वी प्रत्येक कार्ड नातीकडून वाचून घेतले व दोन कार्डे काढून चुलीत घातली. आम्ही समोर बसलो होतो. बोललो नाही.

(सरकारी टपालखात्याने २००२ साली जाहिरातींसह पंचवीस पैशांचे एक कार्ड काढले व त्यास ‘मेघदूत’ असे नाव दिले. यक्षाने मेघास निरोप सांगताना जाहिरातदाराची सोय केली नव्हती, हे संस्कृतच्या जुन्या विद्यार्थ्यास सुचल्यावाचून राहात नाही. असो.)

सेवानिवृत्त होताना ती वही आम्ही शाळेच्या संमतीने घरी आणली. कार्ड पुस्तकाच्या पानासारखे उलटले म्हणजे तिकिटाच्या नेमका मागे मजकुराचा डावा वरचा कोपरा येतो, हे तिकिटे कापताना कधी मनात आले नव्हते. ओलसर टिपकागद ठेवून गेल्या पावसाळ्यात काही चौकोन हलकेच सोडविले. मागे मोडीत व बाळबोधीत अक्षरे निघाली : कोठे ‘ती. स्व.’, कोठे ‘चि.’, कोठे ‘रा. रा.’; नावाच्या पहिल्या अक्षरापाशी कापलेली. आम्ही मुलांकडून कार्डांचे मायने तेवढे कापून घेतले होते. एका चौकोनावर ‘गं. भा.’ एवढेच आहे, आणि पुढे कात्रीची सरळ रेघ. त्याच्या पुढच्या बाजूस शिक्क्याचा पाव भाग आला आहे, पण गाव लागत नाही. वहीतील अध्याहून अधिक चौकोन अद्याप सोडवावयाचे आहेत.